आतेभावाची आरसी 390 घेऊ, की आप्पा म्हणतात ती 125?

पत्र थोडक्यात: "मी 19 वर्षांचा. गाव धरणगाव तालुक्यात, कॉलेज जळगावला, रोजचं जाऊन-येऊन 70 किलोमीटर. आजवर एसटीनेच गेलो. आईची स्कूटी गावात चालवतो, काकांची स्प्लेंडर चार-पाच वेळा चालवलीय. लायसन्स दोन महिन्यांपूर्वी निघालं. उंची पाच फूट पाच इंच. सुरतच्या आतेभावाकडे 2018 ची केटीएम आरसी 390 आहे, 31 हजार किलोमीटर फिरलेली. घरातलाच म्हणून 1 लाख 20 हजारांत देतोय. आप्पा म्हणतात, शंभर-सव्वाशे सीसीची नवी घे, नाहीतर एसटी बरी. मित्र म्हणतात, निदान यामाहाची आर15 तरी घे, 125 वर काय दूध वाटायचंय का? आप्पांचं बजेट सगळं धरून दीड लाख. काय करू?"

उत्तर:

भाऊ, निकाल आधी सांगतो, कारणं मागून. आरसी 390 घेऊ नको, अगदी फुकट मिळाली तरी आत्ता नको. आर15 गाडी चांगली आहे, पण तुझ्या बजेटला आणि रोजच्या रस्त्याला ती बसत नाही. आप्पांचं निम्मं बरोबर आहे. गाडी साधीच हवी, फक्त ड्रम ब्रेकवाल्या शंभरऐवजी एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली 150 च्या आसपासची घ्या. यामाहा एफझी, बजाज पल्सर 150, होंडा युनिकॉर्न यांपैकी जिचं सर्व्हिस सेंटर तुला सोयीचं, ती. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून या गाड्या दीड लाखाच्या आत ऑन-रोड बसतात आणि हेल्मेट-जॅकेटपुरते पैसेही मागे उरतात.

आता आरसीचं. आरसी 390 ची ताकद 43.5 पीएस आणि वजन 170 किलोच्या आसपास. एफझीची ताकद 12.4 पीएस, वजन 136 किलो. वजनाच्या हिशेबात आरसी जवळपास पावणेतीन पट जोरकस पडते. तू म्हणशील, रेस माझ्या हातात आहे, हळू चालवीन. गोम इथंच आहे. नवशिक्याचा हात त्याच्या मनाप्रमाणे चालत नाही. खड्डा आला, गतिरोधक दिसला नाही, कुत्रं आडवं आलं की अंग मागे फेकलं जातं, मूठ आवळते आणि मनगट खाली जातं. मनगट खाली गेलं की रेस वाढते. साध्या 150 वर असं झालं तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी थोडी पुढे सरकते आणि तोवर तू सावरतोस. 390 वर तेवढ्याच चुकीत गाडी हातातून निसटते, कारण ती पहिल्याच गिअरमध्ये 50 च्या पुढे जाते. तुझी चूक दोन्ही गाड्यांवर सारखीच असते, फक्त सावरायला मिळणारा वेळ एकीवर बरा आणि दुसरीवर नाहीच.

दुसरं म्हणजे खालच्या आरपीएमचं, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असतानाचं. हे मोठं सिंगल सिलिंडर इंजिन 3 हजारांच्या खाली धक्के देतं. जळगावच्या कुठल्याही चौकात सकाळी दहाला रिक्षा आणि हातगाड्यांमधून 10-12 च्या स्पीडने सरकताना सतत अर्धा क्लच धरावा लागतो. अर्धा क्लच अजून हातात बसलेला नाही, त्यात हँडल खाली असल्याने सगळा भार मनगटावर, हँडल वळतंही कमी, म्हणून यू-टर्न एका दमात होत नाही. मे महिन्यात 44-45 डिग्रीला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट मांड्यांवर येते. या गाड्यांची पहिली पडापड हायवेवर होतच नाही. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, अंगणात वळवताना, उभ्या उभ्या होते. पाच फूट पाच इंच उंचीला पायाची आतली लांबी साधारण 75 ते 77 सेंटिमीटर भरते आणि आरसीची सीट 82 सेंटिमीटरच्या आसपास आहे. पाय चवड्यावर टेकतील. त्यात टेकल्या जागी खडी निघाली तर 170 किलो एका पायावर सावरत नाहीत.

आणि पडली की काय फुटतं तेही बघ. साध्या गाडीचा इंडिकेटर, आरसा, लिव्हर जातो. काही शे रुपयांत धरणगावचा मिस्त्री अर्ध्या तासात बसवून देतो. फेअरिंगवाल्या, म्हणजे अंगभर प्लास्टिकचं कवच असलेल्या गाडीचं एक बाजूचं पॅनेल हजारांत जातं आणि तेही मागवावं लागतं. इन्शुरन्स आहे ना, असं म्हणू नकोस. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे फुटलेल्या पॅनेलचे निम्मे पैसे तुझ्याच खिशातून. झिरो डेप्रिसिएशन घेतलं तर हा कट लागत नाही, पण सात-आठ वर्षं जुन्या गाडीला ते सहसा कोणी देत नाही.

1 लाख 20 हजार हा आकडा स्वस्त वाटतोय. त्यात काय मिळवावं लागेल ते सांगतो. 31 हजार किलोमीटरला चेन-स्प्रॉकेटचा सेट बदललेला नसेल तर आता बदलायला आलेला असणार. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 3518 असेल तर 2018 च्या 35 व्या आठवड्यातला. इतका जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो आणि पावसात धरत नाही. पुढच्या फोर्कच्या दांड्यांवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग संपलं. रोजचं पेट्रोल वेगळंच. महिन्याला 24 दिवस धरले तर 1,680 किलोमीटर होतात. आरसीला लिटरला 27 आणि 150 ला 45 धरलं तर महिन्याला 25 लिटरचा फरक पडतो. लिटरला 105 रुपयांनी तो 2,600 रुपयांच्या घरात जातो.

त्यात गाडी सुरतची, म्हणजे गुजरात पासिंग. आपल्याकडे अर्ध्या गावाचं कुणी ना कुणी सुरतला असतं, त्यामुळे जीजे पासिंगच्या गाड्या बिनधास्त फिरताना दिसतात आणि वाटतं की हे चालतं. कायद्याने दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथल्या नंबरवर घ्यावीच लागते. त्यासाठी सुरतच्या आरटीओचं ना हरकत म्हणजे फॉर्म 28, नाव चढवायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज चढलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, आणि वर गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रस्ता कर. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर आतेभावाचं नाव ठेवून तू चालवलीस आणि काही झालं तर नोटीस त्याच्या घरी जाईल. पॉलिसीही खरेदीनंतर 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. नात्यातल्या व्यवहारात हे सगळं "करू नंतर" वर राहतं, आणि नंतर गाडीपेक्षा नातंच महाग पडतं. आत्याला वाईट वाटेल म्हणून होकार देऊ नको. "आप्पांनी नवीच घ्यायची ठरवलीय" एवढं सांगितलं की पुरे.

आर15 बद्दल तुझे मित्र फार चुकीचं बोलत नाहीत. 155 सीसी, 18.4 पीएस, वजन 141 किलो. स्पोर्ट्स बाइकमध्ये नवशिक्याला सांभाळता येईल अशी हीच. ब्रेक उत्तम, दोन्ही चाकांना एबीएस, वळणावर भरवशाची. अडचण तीन ठिकाणी आहे. ऑन-रोड दोन लाखांच्या आसपास जाते. सीट 815 मिमी आणि बसणं वाकून, त्यात रोज 70 किलोमीटर म्हणजे पहिला महिना मनगट आणि मानेचा. मागे आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ती त्या उंच मागच्या सीटवर चढणार नाही. तुझ्या पत्रावरून घरात गिअरची गाडी ही एकच असणार, तेव्हा ती फक्त तुझ्या आवडीची असून भागत नाही. तिसरं म्हणजे इंजिनचा खरा जोर 10 हजार आरपीएमजवळ आहे. खाली ती मवाळ लागते, म्हणून पोरं गिअर खाली ठेवून पिळतात आणि सवयच तशी लागते.

एक बारीक गोष्ट, जी शोरूमवाला सहसा सांगत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे टप्पे सीसीवर आहेत आणि मधली रेघ 150 वर आहे. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीची पाच वर्षांची थर्ड पार्टी 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, 150 ते 350 ला 7,365 आणि 350 च्या वर 15,117, जीएसटी वेगळा. म्हणून 149 सीसीची एफझी आणि 149.5 ची पल्सर 150 खालच्या टप्प्यात राहतात. 155 ची आर15 आणि 162.7 ची युनिकॉर्न वरच्या टप्प्यात जातात. युनिकॉर्न आवडली तर एवढ्यासाठी सोडू नको, पण कोटेशन वाचताना हा फरक कुठून आला ते माहीत असू दे.

आप्पांनाही हे वाचून दाखव. शंभर सीसीची गाडी वाईट नाही, लिटरला 60-65 देते आणि गल्लीतला कोणीही दुरुस्त करतो. गाव ते धरणगाव एवढंच असतं तर तीच घे म्हटलं असतं. पण पाळधीपासून पुढे तुला हायवेवर चालायचंय. तिथं डबलसीट 97 सीसीची गाडी 60-65 ला पूर्ण दमलेली असते. 50 ने जाणारा ट्रक ओलांडायला तिला इतका वेळ लागतो की समोरचा येऊन ठेपतो. आणि मोठा मुद्दा ब्रेकचा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. 125 पर्यंतच्यांना सीबीएसवर सूट मिळाली. सीबीएस मागच्या पायडलबरोबर पुढचा ब्रेक थोडा लावतं, चाक लॉक होणं मात्र थांबवत नाही. नवशिक्या घाबरला की पुढचा ब्रेक करकचून दाबतो, पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी आडवी होते. त्या एका क्षणासाठी पुढच्या चाकाचं एबीएस हवं. आप्पा 125 वरच अडून बसले तर एबीएसवाली 125 घ्या. हिरोच्या एक्स्ट्रीम 125आर मध्ये तसं मॉडेल आहे.

मित्रांना एक उत्तर देऊन ठेव. युरोपात मोटारसायकलचं लायसन्स पायरीपायरीने मिळतं. पहिल्या पायरीला 125 सीसी आणि 11 किलोवॅट म्हणजे सुमारे 15 पीएसपर्यंतच. आर15 सुद्धा त्या पायरीत बसत नाही. आपल्याकडे एकाच लायसन्सवर स्प्लेंडरही चालते आणि हजार सीसीची गाडीही. कायदा पायरी लावत नाही, तेव्हा ती घरानेच लावायची.

आता रस्त्याचा हिशेब, कारण वेगाचा सगळा मोह तिथं जाऊन विझतो. 35 किलोमीटरमधलं मोकळं अंतर 20 किलोमीटर धर. 60 ने 20 मिनिटं लागतात, 80 ने 15. वाचली पाच मिनिटं. उलट थांबायला लागणारं अंतर बघ. ब्रेक दाबायचं लक्षात यायला एक सेकंद आणि कोरड्या डांबरावर बरा ब्रेक, असं धरलं तर 60 ला सुमारे 40 मीटर, 80 ला 63, 100 ला 92. रात्री डिपरमध्ये मोटारसायकलचा उजेड जेमतेम 40 मीटर नीट दिसेल इतका पडतो. आता समोर बिनलाइटची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॅक्टर-ट्रॉली डोळ्यासमोर आण. ऑक्टोबरनंतर कापसाची वाहतूक सुरू झाली की अशा किती दिसतात ते तुला सांगायला नको. 60 ला कशीबशी थांबशील. 80 ला ट्रॉलीत जाशील, गाडी कितीही भारी असो. कापूस फुगवून भरलेल्या टेम्पोच्या मागे चिकटू नको. त्याच्या आरशात तू दिसतच नाहीस.

बांभोरीच्या गिरणा पुलावर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. पुलाच्या अलीकडे-पलीकडे डंपरमधून वाळू सांडलेली असते. वाळूवर आलास तर हँडल सरळ, रेस हळू सोडायची, पुढच्या ब्रेकला हात नाही. जून-जुलैत शेतातून ट्रॅक्टर बाहेर आला की चाकाची काळी माती डांबरावर राहते, आणि पहिल्या सरीनंतर त्यावर गाडी साबणावर गेल्यासारखी जाते. शेतरस्ते जिथं डांबराला मिळतात तिथं 50 मीटर आधीच वेग कमी करायचा. पाळधीला हायवेवर चढताना पूर्ण थांबायचं, पाय टेकायचा, उजवीकडे दोनदा बघायचं. दुसऱ्यांदा बघताना मोटारसायकल दिसते. पहिल्यांदा नुसते ट्रक दिसतात.

गाडी आली की लगेच कॉलेजला नेऊ नको. पहिला आठवडा सरावाचा. सकाळी सहा ते साडेसात, उन्हाच्या आत. जागा म्हणजे लिलाव नसेल त्या दिवशी बाजार समितीचं काँक्रीटचं आवार, परवानगी काढून. नाहीतर शाळेचं मैदान, पण ब्रेकचा सराव मातीवर नाही.

पहिला दिवस नुसता क्लचचा. इंजिन सुरू, पहिला गिअर, रेस अजिबात नाही. क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपोआप सरकायला लागते. तिथंच हात थांबवायचा. दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून 20 मीटर जायचं, क्लच दाबून थांबायचं. 20 वेळा कर. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी ढिलाई हवी. ती नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर गिअर कडक लागतात आणि न्यूट्रल सापडत नाही.

मग आठचा आकडा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या 8 मीटरवर ठेव. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक किंचित दाबून, त्यांच्याभोवती आठ काढायचा. नजर पुढच्या चाकावर ठेवलीस की पडलास. मान वळवून जायचंय तिकडे बघ, गाडी मागे येते. पुढचा ब्रेक इथं वापरायचा नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी त्याच बाजूला खाली बसते. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

ब्रेकला दोन दिवस दे, कारण स्कूटीने तुझी सवय बिघडवलेली असणार. स्कूटीवर दोन्ही ब्रेक हातात असतात आणि गावात माणूस बहुतेक मागच्यावरच भागवतो. मोटारसायकलला जोरात थांबताना वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. 30 ला सुरू कर. जमिनीवर खडूने रेघ मार, रेघेवर दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक झटक्यात न दाबता आधी हलका, मग पिळत पिळत घट्ट. वजन पुढच्या टायरवर यायला तो क्षणभर वेळ लागतो. थांबायच्या अगदी शेवटी क्लच. दहा वेळा झालं की 40, मग 50. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटाखाली थरथरते. बरेच जण दचकून ब्रेक सोडतात. सोडायचा नाही, तसाच दाबून धरायचा. सिंगल चॅनल एबीएस पुढच्याच चाकाला असतं, त्यामुळे मागचं चाक लॉक होऊन शेपूट हललं तर पायातला जोर थोडा कमी करायचा.

शेवटी चुकवणं. 40 च्या वेगाला डावीकडे जायचं असेल तर डाव्या हाताने हँडलचं डावं टोक पुढे ढकल. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी त्याच बाजूला झुकते आणि वळते. नकळत तू हे करतोसच. मुद्दाम करायला शिकलास की अचानक आलेली शेळी चुकवता येते. चुकवताना ब्रेक नाही. आधी चुकवायचं, मग सरळ होऊन थांबायचं.

यानंतर एक आठवडा धरणगावपर्यंत, एक आठवडा पाळधीपर्यंत, मग रविवारी सकाळी जळगाव, आणि मगच कॉलेजच्या दिवशी. पहिल्या हजार किलोमीटरला मागे कोणी बसवायचं नाही आणि अंधार पडल्यावर निघायचं नाही. उशीर झाला तर एसटी आहेच. चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट आणि तोरणमाळ पावसाळा उलटल्यावर बघू. उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअर खाली घेऊन इंजिनानेच वेग आवरणं, येईपर्यंत घाट नको.

कपड्यांना बजेटमधून 12 हजार बाजूला काढा, आधीच. शोरूममध्ये सीट कव्हर, लेग गार्ड आणि स्टिकरमध्ये पैसे उडाल्यावर हेल्मेटला 800 रुपये उरतात. फुल फेस हेल्मेट, आयएस 4151 चा आयएसआय शिक्का, 3 ते 4 हजार. घालून पट्टा न लावता डोकं हलव. गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत, हेल्मेट डोक्यावर सरकलं तर एक नंबर मोठं आहे. जाळीचं जॅकेट 5 ते 6 हजार. आपल्या उन्हात जाळीशिवाय कोणी घालणार नाही आणि न घातलेलं जॅकेट कामाचं नाही. तळहाताला कडक पट्टी असलेले ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट. रुमाल तोंडाला बांध, पण हेल्मेटच्या खाली. हेल्मेट कोपरात अडकवून फिरलास तर दंड 1,000 रुपये, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. दोन महिन्यांचं लायसन्स आहे तुझं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे.

देखभाल थोडक्यात. दर 500 किलोमीटरला चेन साफ करून तेल. तुझं आठवड्याचं रनिंग जवळपास तेवढंच आहे, म्हणजे दर रविवारी. चेन पेट्रोलने धुऊ नको, आतले रबराचे रिंग खराब होतात. हवा सकाळी, टायर थंड असताना. किती हवी ते मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. दुपारी 45 डिग्रीत धावून आलेल्या टायरमध्ये 3-4 पीएसआय जास्त दिसतं, म्हणून पंपवाल्याच्या सांगण्यावरून ती काढू नको. काढलीस तर सकाळी टायर मऊ होतो आणि रिम खड्ड्यात मार खातं. उन्हाळ्यातल्या धुळीत एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यावर उघडून बघ. ॲव्हरेज पडलं आणि पिकप गेला की मिस्त्री आधी इंजिनवर संशय घेतो, आणि निघतो तो फिल्टर.

दोन वर्षांनी हात बसल्यावर आर15 काय, 390 काय, तुझा तू बघ. 150 च्या गाडीला तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

राहिली डिलिव्हरी. आप्पा पाडव्याला किंवा दसऱ्यालाच घ्यायची म्हणतील. त्या दिवशी शोरूममध्ये लग्नाची गर्दी असते आणि तपासणी घाईत उरकतात. म्हणून दोन दिवस आधी जाऊन गाडी बघून ठेव. चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून बघ, गाडी किती महिन्यांपूर्वीची आहे ते विचार, ओडोमीटरवर 5-10 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर कारण विचार. दोन्ही ब्रेक दाबून, हँडल पूर्ण दोन्हीकडे फिरवून केबल ताणली जात नाही ना ते बघ. शोरूममध्ये टायरची हवा बऱ्याचदा वाजवीपेक्षा जास्त भरलेली असते, ती स्टिकरप्रमाणे करून घे. नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो, पहिले 100-150 किलोमीटर वळणावर झोपवू नको. कंपनीने गाडीबरोबर हेल्मेट द्यायचा नियम आहे, ते मागून घे आणि मागे बसणाऱ्यासाठी ठेव. एचएसआरपी नंबर प्लेट लागेपर्यंत गाडी शोरूममध्येच राहू दे. पाडव्याला पूजा तिथंच करता येते, आणि प्लेट लागली की आप्पांना बरोबर नेऊन गाडी घरी आण. लायसन्स त्यांचं जुनं असेल तर हायवेचा पट्टा त्यांनाच चालवू दे.